पांढरीवरचे पहिले घर : पांढरकवडा परिसरातील वसाहतींची कहाणी

#थ्रेड

१/
इ.स. १८६२ मध्ये अमेरिकेच्या संसदेने पश्चिमेकडील गवताळ माळराने वसवण्यासाठी एक कायदा केला. अवघ्या तीन वर्षांनी, १८६५ मध्ये, वऱ्हाडातील इंग्रज प्रशासनाने ओसाड गावे वसवण्यासाठी नियम केले. दोन्हीकडे माणसे आली, नांगर चालले, घरे उभी राहिली. अमेरिकेतील त्या घरांची छायाचित्रे आज जगभर पाहिली जातात. आपल्याकडील घरे कशी होती, हे मात्र आपल्याच पिढीला ठाऊक नाही. आजचा धागा यवतमाळ जिल्ह्यातील पांढरकवडा व त्याभोवतीच्या केळापूर तालुक्यातील या घरांविषयी.

२/
प्रथम भूगोल. पांढरकवडा हे खुनी नदीकाठचे गाव, केळापूर तालुक्याचे मुख्य ठिकाण. दक्षिणेला पैनगंगा, तिच्यापलीकडे आदिलाबादचा मुलूख. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले. पुढे वऱ्हाडाच्या या आग्नेय कोपऱ्याचा वेगळा जिल्हा झाला. तो 'वणी जिल्हा' म्हणून ओळखला जाई. १९०५ मध्ये त्याचे नाव 'यवतमाळ' झाले. टेकड्या, सागाची व बांबूची जंगले आणि मधल्या खोऱ्यांत काळी कसदार जमीन, असे या तालुक्याचे रूप होते. वस्ती विरळ होती.

३/
येथील घर समजून घ्यायचे तर मराठीतील दोन जुने शब्द हाताशी हवेत : 'काळी' आणि 'पांढरी'. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची जमीन. गावाचा सगळा व्यवहार या दोन शब्दांत मावत असे. शेतसारा काळीवर बसे. घर, देऊळ, पार, चावडी पांढरीवर असे. 'समस्त पांढरी' म्हटले की गावातील सर्व रहिवासी असा अर्थ होई. आपल्या गावाच्या नावातही 'पांढर' आहेच.

४/
ही विभागणी निव्वळ महसुली सोय नव्हती. मातीच तशी आहे. काळ्या कापूसजमिनीतील चिकणमाती पावसात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. वैशाखात या जमिनीला हात हात खोल भेगा पडतात. अशा जमिनीवर भिंत उभी केली तर पहिल्या दोन-तीन वर्षांतच ती तडकते. ज्या मातीने कापूस पोसला, तिने घर मात्र कधी पेलले नाही. म्हणून नव्या वसाहतकाराचा पहिला शोध असे तो उंचवट्याच्या, मुरमाड किंवा चुनखडीमिश्रित जागेचा.

५/
जुनी पांढरी मिळाली तर उत्तमच. शेकडो वर्षे एकाच जागी मातीची घरे बांधली गेली, पडली, पुन्हा त्यांच्यावरच बांधली गेली. त्यांत चुलीची राख, शेण, कुटार, फुटकी खापरे मिसळत गेली. यातून जी भुरकट, मऊ, न भेगाळणारी माती तयार होते तीच पांढरी माती. भिंतीला ती उत्तम. शेतकरी ती खत म्हणूनही शेतात नेत. पुरातत्त्वज्ञ आजही विदर्भात प्राचीन वस्ती शोधताना आधी पांढरीचे टेकाड शोधतात.

६/
घराच्या आकारावरून माणसाच्या जगण्याचा अंदाज कसा येतो, याचे महाराष्ट्रातील उत्तम उदाहरण पुणे जिल्ह्यातील इनामगाव. डेक्कन कॉलेजने १९६८ पासून तेथे उत्खनन केले. आधीच्या जोर्वे काळात तेथे ऐसपैस चौकोनी घरे होती. पुढे उत्तर जोर्वे काळात त्यांच्या जागी लहान, गोल झोपड्या आल्या. पाऊस घटला, शेती खालावली, लोक पशुपालनाकडे व भटकेपणाकडे वळले, असा अर्थ म. के. ढवळीकर यांनी लावला. राहण्याची शाश्वती गेली तसे घर हलके झाले.

७/
हाच धागा धरून केळापूर तालुक्यात येऊ. एकोणिसाव्या शतकात येथे एकमेकांपासून काही कोसांवर अगदी वेगवेगळी घरे नांदत होती : कोलामांचा पोड, इजाऱ्याच्या गावातील कुळांच्या झोपड्या, कुणब्यांची मातीची घरे, मोठ्या जमीनदारांचे सागवानी वाडे आणि बंजाऱ्यांचा तांडा. हवा तीच, माती तीच, जंगल तेच. तरीही घरे निराळी होती, कारण 'या जागी आपण किती दिवस राहणार?' या प्रश्नाचे प्रत्येकाचे उत्तर निराळे होते.

८/
आरंभ कोलामांपासून करणे न्याय्य ठरेल, कारण वसाहतकार येण्यापूर्वीपासून ते येथे होते. कोलामी ही त्यांची भाषा द्राविड कुळातील. टेकड्यांच्या उतारावर, रानाच्या कडेला त्यांची छोटी वस्ती असे. तिला 'पोड' म्हणतात. रान तोडून, जाळून त्या राखेत पेरायचे आणि जमिनीचा कस उतरला की दुसरा तुकडा धरायचा, अशी त्यांची शेती होती. पैनगंगेपलीकडील आदिलाबाद भागात या शेतीचे वर्णन फ्यूरर-हाइमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाने १९४० च्या दशकात केले आहे.

९/
पोडातील घर कुडाचे. चार-सहा लाकडी मेढी जमिनीत रोवायच्या, बांबू चिरून काढलेल्या कामट्यांचा कूड विणायचा, तो मेढींना बांधायचा आणि आतून-बाहेरून माती व शेणाने लिंपायचा. वर बांबूचा सांगाडा, त्यावर गवत किंवा सागाची पाने. बांबूकाम हे कोलामांचे पिढीजात कौशल्य. टोपली, सूप विणणारा हातच भिंत विणत असे. जंगलातून न मिळणारी एकही वस्तू या घरात लागत नसे आणि मजुरीला एक पैसाही खर्च होत नसे.

१०/
हे घर गरिबीमुळे हलके होते, असे समजणे चुकीचे ठरेल. वस्ती हलली की घर सोडून देता आले पाहिजे, ही त्याची पहिली अट होती. नव्या जागी थोड्या दिवसांत नवे घर उभे राही. पोडात एक सामाईक वास्तू मात्र असेच : चावडी. पाहुणा तेथे उतरे, निवाडे तेथे होत, देवकार्यही तेथेच. खाजगी घर तात्पुरते आणि सामाईक घराला मान, अशी ही रचना होती. नव्या जागी गेलेला पोडही आपली चावडी पुन्हा उभारत असे.

११/
आता 'ओसाड' या शब्दाकडे वळू. महसुली दफ्तरांत उजाड गावाला 'बेचिराग' म्हणत, म्हणजे जेथे दिवा लागत नाही असे. विदर्भात त्यालाच 'रिठ' किंवा 'रिठी गाव' म्हणतात. पेंढाऱ्यांच्या धाडी, दुष्काळ आणि निजामी अमलातील मक्तेदारांची वसुली यांमुळे वऱ्हाडातील अनेक गावे अशी उठली होती. दफ्तराला मात्र दिवा दिसे तो सारा भरणाऱ्याच्या घरातला. शेजारच्या टेकडीवरील पोडात रोज चूल पेटत होती, ती या हिशेबात क्वचितच धरली गेली.

१२/
अशा वेळी कापसाला सोन्याचा भाव आला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. लँकेशायरच्या गिरण्यांना तेथून येणारा कापूस थांबला आणि त्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. १८६७ मध्ये मुंबईहून निघालेला लोहमार्ग वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोहोचला. १८६१ पासून जमिनीची मोजणी व प्रतबंदी सुरू झालीच होती. काळ्या जमिनीचा प्रत्येक पडीक तुकडा आता सरकारला बुडीत उत्पन्न वाटू लागला. १८६५ चे पडीक जमिनींचे नियम या परिस्थितीतून आले.

१३/
या नियमांनी उजाड गाव पूर्णच्या पूर्ण एका व्यक्तीला दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने देता येई. यालाच 'इजारा' म्हणत. इजारदाराने जमीन वहितीखाली आणायची, कुळे बसवायची आणि ठरलेला सारा भरायचा. अशी गावे वऱ्हाडात सर्वाधिक निघाली ती याच जिल्ह्यात. यवतमाळ जिल्ह्याच्या गावयादीत आजही अनेक नावांपुढे 'इजारा' हा शब्द दिसतो. तो शब्द वाचाल तेव्हा ओळखा : हे गाव कधीतरी कागदावर ओसाड होते आणि कोणीतरी ते पट्ट्याने घेऊन वसवले.

१४/
वसवायला आलेल्या कुळाचे पहिल्या वर्षाचे घर कसे असे? रान मोडण्यात हिवाळा-उन्हाळा जाई, मृग तोंडावर येई. भिंत घालायला ना वेळ, ना बैल. मग तुराटी, पऱ्हाटी किंवा निरगुडीच्या फोकांचा कूड बांधायचा, वेळ मिळाला तर लिंपायचा, नाहीतर तसाच ठेवायचा. वर गवताचे छप्पर. एकच खोली, चूल, दाणे, लेकरे, पावसात वासरू, सारे तिच्यातच. चैत्र-वैशाखात एका घराला आग लागली की वाऱ्यासरशी सगळी ओळ जळून जाई.

१५/
ज्याचे पाय टिकले तो दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी मातीची भिंत घाली. दिवाळीनंतर, ओढ्याला पाणी असतानाच हे काम उरकावे लागे. पांढरी माती, कुटार व पाणी एकत्र करून बैलांच्या किंवा माणसांच्या पायांनी चिखल तुडवायचा. त्याचा हातभर उंचीचा थर रचायचा, तो सुकू द्यायचा, मग पुढचा थर. दीड-दोन हात जाडीची ही भिंत वैशाखातील ऊन आत येऊ देत नसे. शिवाय ती हलवता येत नसे. भिंत घालणे म्हणजे येथेच राहण्याचा निश्चय.

१६/
छपराचा प्रश्न पावसाने सोडवला. पश्चिम वऱ्हाडात, विशेषतः बुलढाण्याकडे, पाऊस कमी. तेथे मातीचे सपाट धाबे चालते. यवतमाळच्या पूर्व भागात पाऊस जास्त. तेथे उतरते छप्परच हवे. म्हणून गवताच्या जागी कवेलू आले. कुंभार चाकावर मातीची नळी घडवी, ती उभी चिरून दोन कवेलू करी आणि भट्टीत भाजी. आगीचे भय कमी झाले, पण दर उन्हाळ्यात शाकारणी आली. वानरांची टोळी एका दुपारी वर्षभराची मेहनत फोडून जाई, ते वेगळेच.

१७/
घर वाढे तेही शेतीच्या चालीने. आधी पुढे सपरी निघे, मग बाजूला बैलांचा कोठा, मग आत धान्याच्या कणग्यांसाठी वेगळी खोली. कापसाचा पैसा आला की लाकूड बदले : आडजातीच्या खांबांच्या जागी सागवान. देशमुख, पाटील, सावकार, मोठे इजारदार यांचे वाडे सागवानी खांबांवर उभे राहिले. मध्ये चौक, पुढे भक्कम दरवाजा. अशा वाड्यात कापूस साठवायला जागा असे, आणि गावातील कुळांचे कर्जखतही तेथेच लिहिले जाई.

१८/
आणखी एक वसाहत विसरता येणार नाही : तांडा. बंजारे बैलांच्या पाठीवर मीठ, धान्य, कापूस वाहून नेत; मुक्कामाला कापडी पाल ठोकत. रेल्वे आणि पक्क्या सडका आल्या तशी त्यांची वाहतूक बसली आणि पालांच्या जागी कुडाची घरे आली. यवतमाळ जिल्ह्यात असे कितीतरी तांडे स्थिरावले. जी रेल्वे इजारदाराला कापसाचा बाजार देत होती, तीच बंजाऱ्याला त्याच्या बैलांवरून खाली उतरवत होती. त्याचे पहिले स्थिर घर या उलथापालथीतून उभे राहिले.

१९/
आता क्षणभर अमेरिकेत जाऊ. नेब्रास्काच्या माळरानावर झाडेच नव्हती. मग घर कशाचे बांधायचे? तेथील गवताच्या मुळांनी जमीन इतकी घट्ट विणलेली होती की नांगराने तिच्या लांब पट्ट्या निघत. त्या विटांसारख्या कापून एकावर एक रचल्या की भिंत तयार. छप्पर पावसात गळे, भिंतीतून साप निघत, पण थंडी अडे. तेथे मातीला गवताने बांधून ठेवले होते, येथे माती उन्हाने फाटत होती. दोन्हीकडे घर कसे असावे हे आधी मातीने ठरवले.

२०/
मोठा फरक कायद्यात होता. अमेरिकेच्या १८६२ च्या कायद्याने वसाहतकाराला १६० एकर जमीन मिळे. अट अशी, की त्याने पाच वर्षे तेथे राहावे, घर बांधावे, जमीन कसावी आणि शेवटी दोन साक्षीदार आणावेत. म्हणजे घर हाच मालकीचा पुरावा. इजाऱ्याच्या गावात पुरावा होता तो पट्टा, आणि पट्टा इजारदाराच्या नावे. रान मोडणाऱ्या कुळाने दहा वर्षे एका झोपडीत काढली, तरी त्या झोपडीने त्याला काही हक्क मिळत नसे. मग त्याने भिंत जाड का घालावी?

२१/
आणि दोन्हीकडे 'ओसाड' भूमीवर आधीच कोणी राहत होते. नेब्रास्कात पॉनी लोकांची मातीची मोठी गोल घरे होती; १८७० च्या दशकात त्यांना आजच्या ओक्लाहोमाकडे हलवण्यात आले. वऱ्हाडात १८८६ च्या वनकायद्याने जंगल राखीव झाले, सागावर सरकारचा हक्क बसला, फिरती शेती बंद पडत गेली. कोलामांना कोणी शेकडो कोस दूर नेले नाही. मात्र जे घर हलण्यासाठी बांधले होते, त्याला हलायला जागा उरली नाही. अनेक कोलाम इतरांच्या शेतावर मजूर झाले.

२२/
१८९९-१९०० च्या भीषण दुष्काळाने या सर्व घरांची परीक्षा घेतली. वऱ्हाडाची लोकसंख्या १८९१ च्या तुलनेत १९०१ मध्ये घटलेली दिसते. माणसे गेलेल्या घरांपैकी मातीच्या भिंती पांढरीत मिसळून टेकाड वाढवून गेल्या. सागवान विकले गेले. कुडाच्या घराचे दोन पावसाळ्यांत काहीच उरत नाही : बांबू वाळवी खाते, माती धुऊन जाते. नेब्रास्कात सॉलोमन बुचर याने १८८६ पासून त्या माळरानी घरांची छायाचित्रे टिपली. पोडाला असा कोणी छायाचित्रकार लाभला नाही.

२३/
याचा परिणाम कागदावर आजही जाणवतो. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमीन ताब्यात असल्याचे दाखवावे लागते. २००८ च्या नियमांत मान्य पुराव्यांमध्ये घर व झोपडी यांचा उल्लेख आहे. घर म्हणजे पुरावा, हे तत्त्व आपल्याकडे असे सुमारे दीडशे वर्षांनी आले. पण ज्यांच्या घराचा गुणच माग न ठेवण्याचा होता, त्यांनी जुने घर दाखवायचे कोठून? सुदैवाने त्याच नियमांत विहिरी, दफनभूमी, देवस्थाने आणि वडीलधाऱ्यांचे जबाबही पुरावा म्हणून धरले आहेत.

२४/
आज या तालुक्यात कुडाची, कवेलूंची घरे झपाट्याने जात आहेत. टिनाचे पत्रे आले, घरकुल योजनांतून सिमेंटची घरे आली. २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम-जनमन योजनेत कोलामांसारख्या विशेष असुरक्षित जमातींसाठी पक्क्या घरांची तरतूद आहे. पक्के घर हवेच. गळक्या छपराखाली राहणाऱ्याला जुन्या घराचे कौतुक ऐकवणे शोभत नाही. मात्र जाणाऱ्या घराबरोबर त्यात साठलेला इतिहासही नोंद न होता जाऊ नये.

२५/
म्हणून तरुण मित्रांना एक विनंती. आपल्या गावाचे नाव नीट वाचा : त्यात इजारा आहे का, रिठ आहे का, पोड वा तांडा आहे का? पांढरी कोठे आहे आणि तिच्याबाहेर कोणाची घरे आहेत, ते पाहा. आजी-आजोबांना विचारा, की घराची पहिली भिंत कोणत्या साली घातली, माती कोठून आणली, त्याआधी आपण कोठे राहत होतो आणि या जागेवर आपल्याआधी कोण होते. उत्तरे तारखेसह लिहून ठेवा. पोडात अशी एखादी वही उद्या कोणाच्या हक्काच्या कामीही येईल.

धागा समाप्त.